कानाला पापणी

माझ्यामुळे एका माणसाचे कान गेले. हे वाक्य मी गेली तीन वर्षं मनातल्या मनात लिहितो आणि खोडतो. आज खोडणार नाही. पण ते कान कसे होते हे आधी सांगायला हवं, नाहीतर गेलं ते काय, हे कळायचं नाही.

मांजरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फोर्जिंगचा कारखाना होता. लालभडक तापलेलं लोखंड साच्यात ठेवायचं आणि वरून टनावारी वजनाचा हातोडा सोडायचा, असं आमचं काम. साच्याला आम्ही डाय म्हणतो, हातोड्याला हॅमर. असे चार हॅमर एका पत्र्याच्या शेडमध्ये. पहिल्यांदा आत येणाऱ्या माणसाला ठोक कानाने कळत नाही, छातीत बसतो. मी तिथे सेफ्टी ऑफिसर होतो. ते डाय बसवणारे कारागीर, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळी शेड त्यांना काका म्हणायची, मीही म्हणायचो. ते मला ‘अहो सेफ्टी’ म्हणायचे, जणू मी माणूस नसून भिंतीवर लावलेली पाटी आहे.

बाकीचे लोक मी येताना दिसलो की कानात बोळे घालत आणि माझी पाठ वळली की काढून खिशात टाकत. काका गेटच्या बाहेरच, स्कूटर लावल्या लावल्या, बोळे घालत. त्याची पद्धत होती. स्पंजचा बोळा दोन बोटांत फिरवून फिरवून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट तसंच धरून तीस आकडे मोजायचे. हे सगळं रस्त्यावर उभं राहून, कोणाच्या नमस्काराला उत्तर न देता. मग त्यावर पूर्ण कान झाकणारे जाडजूड मफ. मी सेफ्टीची पदविका घेऊन नोकरीला लागलो होतो, पण बोळा कसा घालतात हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

“देवाने डोळ्याला पापणी दिली,” ते म्हणायचे, “नाकाला शिंक दिली. कानाला द्यायचं राहून गेलं. असतो एखाद्याला कामाचा ताण. माझी मीच लावून घेतली.”

जेवणाच्या सुट्टीत त्यांचं दुसरं एक यंत्र बाहेर निघायचं. आमचं कँटीन कॉम्प्रेसरच्या भिंतीला लागून, त्यामुळे तिथेही घरघर चालूच. काकांनी जुन्या मफच्या आत कुठल्याशा मोडक्या हेडफोनमधले बटणाएवढे दोन स्पीकर शिवून बसवले होते. त्याची वायर फोनला. पोळीभाजी खाऊन झाली की ते हा मफ चढवायचे, आवाज शून्यावर आणायचे आणि एकेक पायरी वर न्यायचे. गाणं ऐकू आलं रे आलं की एक पायरी खाली.

“खाली का?” मी विचारलं होतं.

“गाण्याला आपल्यापर्यंत यायला लावायचं नाही. आपण उठून जायचं.”

त्या आवाजाला त्यांचं एक मापही होतं. मफ घातलेला असताना समोरच्याने डब्याचं झाकण टेबलावर ठेवलं तर ते ठेवल्याचं कळलं पाहिजे. नाही कळलं तर गाणं मोठं आहे. हे माप मी नंतर माझ्या सेफ्टीच्या भाषणात वापरलं. लोक हसले, पण लक्षात तेवढंच राहिलं.

शेडमध्ये मात्र हॅमर चालू असताना ते गाणं लावत नसत. “फोर्कलिफ्टचा भोंगा ऐकायचा असतो. मीच चिरडलो तर गाणं कोण ऐकणार?”

याच्या बरोबर उलटा आमचा वानखेडे. वर्ध्याकडचा, तीन नंबरच्या हॅमरवरचा, चाळिशीचा, दणकट आणि मनाने लोणी. तो हेल्मेटच्या खाली साधे इअरफोन खुपसायचा आणि गाणी अशी लावायचा की शेजारी उभं राहिलं तर आपल्यालाही शब्द कळत. एकदा काकांनी त्याला कँटीनमध्ये पकडलं.

“काय ऐकतोस रे?”

“गाणे, काका. गाणं लावलं का हॅमर ऐकूच येत नाही पाहा.”

“मग गाणं जरा कमी कर.”

“कमी केलं तर हॅमर ऐकू येते ना!”

“म्हणजे तू गाण्याला हॅमरशी भांडायला पाठवलंयस. दोघं तुझ्या कानात शिरून भांडतायत. मार कोण खातोय?”

वानखेडे हसला. “तुमचं सगळं उलटंच हाये बाप्पा.”

“उलटं काही नाही. आपण काय करतो? आधी दार लावतो, मग घरात हळू बोलतो. तू दार सताड उघडं टाकून रस्त्यावरच्या बँडवर ओरडतोयस. आधी बोळा घाल. आठ दिवस घाल. मग तुला मी सुट्टीत माझ्या मफमधून ऐकवतो.”

वानखेडेने आठ दिवस घातले. नवव्या दिवशी काकांनी शब्द पाळला, त्याला मफ चढवून दिला. तो पाच मिनिटं हातात पोळी धरून बसला. मग मफ काढून म्हणाला, “काका, बंदच हाये हे.” काकांचा चेहरा पडलेला मी पाहिला. त्यांनी मफ परत घेऊन स्वतःच्या कानाला लावला. गाणं चालू होतं. त्यांनी वायर गुंडाळून ठेवली. वानखेडेचं काय झालं आहे ते त्यांना त्याच क्षणी कळलं असणार. मला तर ते आधीपासून माहीत होतं. का माहीत होतं, ते पुढे सांगतो.

एक नवे प्लँट मॅनेजर आले होते. त्यांनी काकांना शेडमध्ये डाय आवळता आवळता मान डोलवताना पाहिलं. कामावर गाणी ऐकायला त्यांनी सक्त बंदी केली होती. साहेबांनी मला सोबत घेतलं, हॅमर थांबवले आणि सगळ्यांसमोर काकांना मफ काढायला सांगितलं. काकांनी काढून दिला. साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला. आत स्पंज. मग कानातले बोळे काढायला लावले. तेही निव्वळ बोळेच.

“मग मान कशाला हलवत होता?”

“काल संध्याकाळी ऐकलेलं आज अकराला पोचलं,” काका म्हणाले. “वाटेत कुठे अडकलं होतं कोण जाणे.”

साहेब तीन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत.

काका राहायचे सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. ते आणि काकू. दारावर त्यांच्या हातची पाटी होती: ‘बेल एकदाच दाबावी. आम्हाला ऐकू येते.’ पहिली पाळी संपवून घरी पोचायचं, चहा, आंघोळ, आणि पाच ते सहा गाणं ऐकायला बसायचं. वर्षानुवर्षं. लग्नकार्यं, पाहुणे, आजारपण सगळं या तासाच्या अलीकडे किंवा पलीकडे. दिवसभर दारं लावून जे जपलं ते या एका तासात उघडायचं, असा तो सगळा कारभार होता. घरातसुद्धा काकू स्वयंपाकघरातून हाक द्यायच्या, “अहो, शिट्टी होणार आहे हं!” आणि काका पेपर मांडीवर ठेवून कानांवर तळवे घ्यायचे. शिट्टी झाली की पेपर पुन्हा वर.

गणपतीत कोपऱ्यावरच्या मंडळाने स्पीकरची भिंत उभी केली तेव्हा काका खाली गेले होते. पोरांनी आदराने खुर्ची दिली.

“काका, वर्षातून एकदा तर असतं. बाप्पाला ऐकू जायला नको का?”

“अरे, त्याचे कान सुपाएवढे. त्याला कुजबुजलेलं कळतं. तुम्हाला कळत नाही हे त्याला किती वर्षं कळतंय.”

भिंत एका रांगेने कमी झाली म्हणतात. काका मात्र विसर्जनाचे दोन दिवस मांजरीला मेहुण्याच्या उसाच्या शेतावर जाऊन राहिले.

एकदा त्या पाच ते सहाच्या तासाला मी त्यांच्याकडे बसलो आहे. आवाज इतका कमी की मला वाटलं अजून लावायचंच आहे. मी गप्प बसून राहिलो. थोड्या वेळाने भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मग आत काकूंच्या बांगड्या. मग या सगळ्याच्या पलीकडे तंबोरा. तोवर तो कधीपासून वाजत होता.

“आलात?” काका डोळे न उघडता म्हणाले.

मला गाण्यातलं काही कळत नाही. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मलाही गाता येत नाही. ऐकणारं कोणीतरी लागतंच ना?” मग बोट वर करून म्हणाले, “तारेवरून एक भुकटी उडतेय. सोनाराच्या कानशीतून उडते तशी, बारीक. वर, अगदी वर. मी त्या भुकटीसाठी बसतो. गाणारा आपला गातोय.”

मला भुकटी ऐकू आली नाही. पण आपण कुठल्या तरी मोठ्या माणसाच्या घरात चपला घालून शिरलो आहोत असं वाटलं, एवढं आठवतं.

आता माझ्याकडे येतो.

एके दिवशी काका तीन नंबरच्या हॅमरजवळून जाताना थबकले. त्यांनी एका कानावरचा मफ उचलला, बोळा काढला, तीन-चार ठोक ऐकले आणि हात वर केला. हॅमर थांबला. “डाय उतरवा,” म्हणाले. उतरवली तर खालच्या अंगाला केसाएवढी चीर. आणखी दोन-चारशे ठोकांनी डाय फुटली असती आणि तिचे तुकडे वानखेडेच्या अंगात गेले असते. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की वीस वर्षं पापणी लावून ठेवल्यामुळे अख्ख्या शेडमध्ये ऐकू येणारा माणूस हा एकच उरला आहे.

मग काय, कुठल्याही डायबद्दल शंका आली की ‘काकांना बोलवा’. चीर शोधायला रंगाचे फवारे मिळतात, यंत्रं मिळतात, पण त्यासाठी हॅमर थांबवावा लागतो. काकांसाठी थांबवावा लागत नसे. काकांनी अट घातली होती, “दहा ठोक. अकरावा नाही.” महिन्यातून एकदा होतं ते आठवड्यातून झालं, मग दिवसातून चार-पाच वेळा झालं. ते चालत्या हॅमरपासून हातभर अंतरावर उभे राहायचे, दोन्ही कान उघडे, डोळे मिटलेले, बोटांवर ठोक मोजत. मी शेजारी उभा असायचो. माझ्या कानात बोळे, त्यावर मफ. सेफ्टी ऑफिसर मी.

दर वर्षी सगळ्यांच्या कानांची तपासणी असे. ती करण्याचं प्रशिक्षण मला कंपनीने दिलं होतं. डॉक्टर शेवटी येऊन कार्डांवर सह्या करायचे. कपाटाएवढी एक बंद खोली, आतून स्पंज लावलेली, मध्ये काचेची खिडकी. आत माणूस हेडफोन लावून बसतो, बाहेर मी यंत्रावर. मी बारीक पीं असा आवाज सोडायचा, त्याला ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. आवाज कमी कमी करत न्यायचा. त्यावरून कार्डावर रेघ काढायची. ज्याचे कान उतरलेले दिसतील त्याला हॅमरवरून काढून पॅकिंगला पाठवायचं, असा नियम. आणि हॅमरवरच्या माणसाला पॅकिंग म्हणजे बायकापोरांसमोर मान खाली. पहिल्याच वर्षी एक जण खिडकीतून माझ्याकडे असा बघत बसला की आवाज सोडताना माझी भुवई नकळत वर गेली. त्याने बटण दाबलं. पुढच्याला ते त्याने सांगितलं असावं. दुसऱ्या वर्षी सगळेच माझ्या भुवईकडे बघत होते आणि मी ती उचलत होतो. कोणी कोणाशी एक अक्षर बोललं नाही. मला ती दया वाटायची. दिवाळीला माझ्या टेबलावर फराळाचे डबे यायचे. कारखान्यातले सगळे पास. वानखेडेही पास. त्याला तर निम्मं माझ्या भुवईतूनच ऐकू यायचं.

काका पहिल्या वर्षी आत गेले आणि बसायच्या आधीच बाहेर आले.

“अहो सेफ्टी, खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतो.”

“का हो काका?”

“तुमचा चेहरा फार बोलतो. तुमचा दोष नाही, काहींचा असतो तसा. पण मला माझे कान बघायचेत, तुमचं तोंड नाही.”

तेव्हापासून दर वर्षी ते माझ्याकडे पाठ करून बसले. मी मुद्दाम काही करत असेन असं त्यांच्या मनातही आलं नाही. आपल्या बाजूने लबाडी होऊ नये एवढीच काळजी त्यांनी घेतली. दुसरी बाजू माझी होती.

दहा ठोकांची सवय लागल्यानंतरच्या तपासणीत त्यांचं बटण वरच्या आवाजांना उशिरा दाबलं गेलं. दोन्ही कानांना. मी पुन्हा सोडून पाहिले. त्यांची पाठ ताठ, मान जरा झुकलेली, अगदी मन लावून ऐकणाऱ्या माणसाची पाठ. आवाज त्यांच्या कानात होता आणि ती पाठ हलत नव्हती.

मॅनेजरसाहेबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, “काकांना हॅमरवरून हलवायचं कारण मला देऊ नका.” मी कार्ड घेतलं आणि मागच्या वर्षीची रेघ गिरवली. काका नसले तर चिरा कोण ऐकणार, माणसं मरतील, असं कारण मी स्वतःला दिलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण एवढंच की मला साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभं राहायचं नव्हतं. पुढच्या वर्षी रेघेत पडलेला खड्डा वाढला. मी पुन्हा गिरवली. मग पुन्हा. निवृत्तीच्या वेळची धरून चार कार्डं. प्रत्येक कार्डाची नक्कल काका मागून घ्यायचे आणि घरी फाईलला लावायचे. एकदा काकूंना दाखवत होते, “बघ, अठ्ठावन्नाव्या वर्षी तिशीतले कान!” मी तिथे पोहे खात होतो.

शेवटच्या वर्षी ते कँटीनमध्ये मफ काढेनासे झाले. गाण्याचा मफ म्हणतोय मी. डबा संपवून नुसते बसायचे. विचारलं तर म्हणाले, “सुटलं ते.” जिन्यात पाय घसरल्यासारखं मला झालं, पण मी पुढे काही विचारलं नाही. न विचारणं मला छान जमतं.

निवृत्तीनंतर त्यांचे कागद पोचवायला मी एका रविवारी सकाळी सदाशिव पेठेत गेलो. त्यात ते चौथं कार्ड होतं. काकांनी न बघता ते टेबलावर ठेवलं. ज्या कपाटावर त्यांचं गाणी ऐकायचं यंत्र असायचं तिथे इस्त्रीचे कपडे होते. बोलता बोलता आत कुकरची शिट्टी झाली. काकूंनी हाक दिली नव्हती. काकांनी हात उचलले नाहीत.

मी काकूंकडे बघितलं. त्या दारात येऊन म्हणाल्या, “आता सांगत नाही. हेच म्हणाले, राहू दे, कशासाठी राखायचं?”

“अहो, कानांना काही झालेलं नाही,” काका म्हणाले. “तुमचीच कार्डं आहेत. कान ठणठणीत. माणूस बिघडला. वर्षभर तंबोरा लावला की ओलं घोंगडं वाळत घातल्यासारखं काहीतरी वाजतं. वायरी ढिल्या झाल्यात का, यंत्र गेलंय का, सगळं करून बघितलं. शेवटी कळलं, आतून आटलं. चाळीस वर्षं ऐकलं आणि शेवटी आपल्यात ते नव्हतंच. होतं असं वाटत होतं.”

हे ते अगदी शांतपणे बोलले, दुसऱ्याच कोणाच्या मृत्यूची बातमी सांगावी तसे.

मी उठलो. येतो म्हणालो. दोन जिने उतरलो. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. मी कठड्याला धरून उभा राहिलो. कान गेल्याचं पाप माझ्या हिशेबी होतंच, ते मी पचवायला शिकलो होतो. पण हा माणूस एका गिरवलेल्या रेघेवर विश्वास ठेवून स्वतःला नापास करत होता. मी परत वर गेलो आणि बेल एकदाच दाबली.

“कार्ड खोटं आहे,” मी दारातच म्हणालो.

“कुठलं?”

“चारही. मी मागच्या वर्षीची रेघ गिरवत होतो.”

“म्हणजे?”

“वरचे आवाज गेलेत काका. चार वर्षांपासून. दोन्ही कानांचे. त्या दहा ठोकांनी. मला माहीत होतं.”

ते खुर्चीत बसले. माझ्याकडे बघत राहिले. मी मारायला तयार होतो, म्हणजे मार खायला. 

“कान गेलेत?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कानच?”

“हो.”

मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलेलं नाही. त्यांचे डोळे भरले आणि ते हसायला लागले. “अगं, ऐकलंस का,” त्यांनी आत हाक मारली, नातवंड झाल्याचं सांगावं तशी, “कान गेलेत! नुसते कान! मला वाटलं मीच गेलो!”

काकू बाहेर आल्या. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, “तुमच्यासाठी चहा टाकला होता.” आणि आत जाऊन त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर टाकले, कपाटातून यंत्र काढलं, वायरी जोडल्या. सकाळचे अकरा वाजले होते, पाच वाजायला अजून पुष्कळ अवकाश होता. त्यांनी तंबोरा लावला. आवाज तेवढाच, पूर्वीएवढाच. वाढवला नाही. मला वाटलं होतं वाढवतील. डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. मग त्यांचं बोट वर गेलं.

“इथे,” ते म्हणाले.

आणि मला ऐकू आलं. तारेच्या वर, अगदी वर, बारीक काहीतरी चमकून गेलं. बोट खाली आलं, पुन्हा वर गेलं, “आणि इथे,” आणि पुन्हा ते तिथेच होतं, बरोबर तिथेच. त्यांना ते ऐकू येत नव्हतं. ते कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. माझे कान शाबूत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ते मला वापरून दाखवत होतं. मी ज्याचं चोरलं होतं तोच मला ते वाढत होता. मी खाली बघत बसलो.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, “माफ वगैरे केलंय असं समजू नका.”

“नाही समजत.”

“बाकीच्यांचं काय? त्यांच्याही रेघा गिरवल्यात?”

मी भुवईचं सांगितलं. ते सांगायला रेघेपेक्षा जास्त वेळ लागला. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“वानखेडे अजून हॅमरवर आहे?”

“आहे.”

“पास आहे म्हणून निर्धास्त आहे?”

“हो.”

“मग त्याला तू सांगणार आहेस,” काका म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच तू म्हटलं. “कागद पाठवून नाही. तोंडाने. मी येतो बरोबर. तू पुटपुटतोस.”

सोमवारी मी कंपनीला सगळं लेखी दिलं. पुढे सगळ्यांच्या तपासण्या बाहेरच्या माणसाकडून नव्याने झाल्या, आणि मी आता तिथे नोकरीला नाही. ते बरोबरच झालं. पण त्याच्या आधी तो पुढचा रविवार आला. आम्ही दोघं बसने मांजरीला गेलो. काका पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. 

वानखेडेची इमारत नवी होती, दुसऱ्या मजल्यावर घर. टीव्हीचा आवाज खालच्या फाटकापर्यंत येत होता. त्याच्या बायकोने दार उघडलं, आत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो वळला. “अरे, काका! साहेब! या ना, बसा!” बायकोने टीव्ही बंद केला तसा तो एकदम घाबराघुबरा दिसायला लागला, आमच्या तोंडांकडे टक लावून. “काही झालं काय?”

मी दारातच उभं राहून सांगायला सुरुवात केली. 

“काय म्हणता, साहेब?”

मी पुन्हा म्हणालो. तो माझ्या ओठांकडे बघत होता, आणि मग, सवयीने, माझ्या भुवईकडे. मी भुवई हलू दिली नाही.

“साहेब, जरा मोठ्यानं बोला ना. हा जिना घुमते लई.”

“तुझे कान गेलेत, वानखेडे!” मी ओरडलो. शेजारचं दार उघडलं. “तू पास नाहीयेस! मी तुला खोटं पास केलं! नऊ वर्षं!”

त्याची बायको भिंतीला टेकली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून बघायला लागलं. नऊ वर्षं जे मी कोणाच्या कानातही सांगितलं नव्हतं ते सगळ्या इमारतीला ऐकू जात होतं, आणि ज्याला जायला हवं होतं तो अजून कपाळाला आठ्या घालून पुढे झुकला होता. मी थांबलो. आधार म्हणून काकांकडे बघितलं.

त्यांनी पिशवीतून मफ काढून कानांवर चढवला होता. दोन्ही हातांनी तो घट्ट दाबून धरत ते मला म्हणाले, “आणखी मोठ्याने.”